चौकातल्या एआय कॅमेऱ्याकडे हिशोब कसा मागायचा: पुणेकरांसाठी

शहरातल्या सीसीटीव्ही यंत्रणांमध्ये चित्रीकरण साधारणपणे तीस दिवस टिकतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने दिलेली मुदतही तीसच दिवसांची आहे. ही दोन घड्याळं शेजारी ठेवा. घटनेनंतर आठवडाभराने अर्ज टाकलात, तर उत्तर हातात पडेपर्यंत चित्रीकरण पुसलेलं असतं, आणि "उपलब्ध नाही" हे उत्तर खरंही असतं. म्हणून पहिलं काम चित्रीकरण जपून ठेवायला लावणं, माहिती मागणं त्यानंतरचं. हा क्रम उलटा झाल्यामुळे हातातून गेलेली प्रकरणं फार आहेत.

पुण्यात चौकाचौकांत पोलिसांचे कॅमेरे आले ते २०१० सालचा जर्मन बेकरीचा स्फोट आणि १ ऑगस्ट २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट यांच्यानंतर. तेव्हा नियंत्रण कक्षातला माणूस पडद्याकडे बघत बसे. आता बघण्याचं काम संगणकाकडे जात आहे. कॅमेरा तोच दिसतो, पण चित्र बघणं वेगळं आणि चित्रातला माणूस कोण याचा अंदाज बांधणं वेगळं. धोका या दुसऱ्या कामात आहे.

कोणता कॅमेरा काय करतो

तीन कामं वेगळी ओळखा, कारण प्रत्येकाची चूक वेगळी आणि उपायही वेगळा.

गाडीची पाटी वाचणारा कॅमेरा अक्षरं ओळखतो आणि वाहन नोंदणीच्या माहितीशी जोडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची २०२४ पासूनची वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा याच जातीची.

गर्दी मोजणारी यंत्रणा डोकी मोजते आणि दाटी वाढली की इशारा देते. बेलबाग चौकात विसर्जनाच्या रात्री ती खरोखर उपयोगी पडू शकते, आणि तिला कोणाचं नाव कळण्याची गरज नसते. मात्र तोच कॅमेरा उद्या चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडता येतो. त्यासाठी खांबावर चढावंही लागत नाही, बदल नियंत्रण कक्षातल्या सर्व्हरवर होतो. खांबाकडे बघून काहीच कळत नाही. कळतं ते फक्त कागदातून.

चेहरा ओळखणारी यंत्रणा चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या लांब ओळीत करते आणि ती ओळ साठ्यातल्या इतर ओळींशी ताडून बघते. उत्तर "हा अमुक माणूस" असं येतच नाही. "सर्वांत जवळचे हे दहा-वीस चेहरे, आणि प्रत्येकाच्या साम्याचा गुण इतका" अशी यादी येते. महाराष्ट्र पोलिसांकडे बोटांचे ठसे, तळहात, बुबुळ आणि चेहरा एकत्र ठेवणारी 'अँबिस' ही प्रणाली आहे. राज्याने २०२४ मध्ये पोलीस तपासात एआय वापरण्यासाठी नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनीही स्थापन केली.

गुण म्हणजे खात्री नव्हे

"८५ टक्के जुळलं" याचा अर्थ "८५ टक्के खात्री की हाच तो" असा अनेक पोलीस, वकील आणि पत्रकारही लावतात. तो चूक आहे. साम्याचा गुण हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं अंतर्गत माप आहे. एका सॉफ्टवेअरचे ८५ आणि दुसऱ्याचे ८५ यांचा एकमेकांशी संबंध नसतो. कितीच्या वरचा गुण ग्राह्य धरायचा ही रेघ माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार त्यांची रेघ ८० टक्क्यांवर होती. ती ऐंशीवरच का, याचं उत्तर त्या आकड्यात नाही.

आता गर्दीचा हिशोब करून बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर कॅमेऱ्यासमोरून एक लाख चेहरे गेले. त्यांत पोलिसांना हवे असलेले दहा जण होते आणि यंत्रणेने नऊ जणांना बरोबर पकडलं. चुकीची जुळणी हजारात फक्त एक. कागदावर ही यंत्रणा उत्तम दिसते. पण लाखात हजारी एक म्हणजे शंभर चुकीचे इशारे. एकूण १०९ इशारे, त्यांतले खरे नऊ. म्हणजे दर बारा इशाऱ्यांतले अकरा निरपराध माणसांवर बोट दाखवतात. यादी जितकी मोठी आणि गर्दी जितकी जास्त, तितकं हे गुणोत्तर बिघडतं.

चुकाही सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१९ मध्ये अनेक सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा काही लोकसमूहांत चुकीच्या जुळण्या इतरांच्या दहा ते शंभर पट निघाल्या. म्हणून "अचूकता ९९ टक्के" असं कोणी म्हणालं, की कोणत्या लोकांवर, कोणत्या कॅमेऱ्यातून आणि किती मोठ्या यादीवर तपासलं, हे विचारायचं.

चित्रात चेहरा ओळखण्याजोगा आहे का, हे स्वतः मोजा

हे घरी बसून करता येतं आणि वकिलाच्या हाती फार उपयोगी पडतं. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी एका मीटरला २५० पिक्सेल लागतात. आधी माहीत असलेला माणूस ओळखायला १२५, आणि तिथे कोणीतरी आहे एवढंच कळायला २५.

चेहऱ्याची रुंदी साधारण १६ सेंटिमीटर धरा. २५० च्या मापाने चेहऱ्यावर ४० पिक्सेल पडले पाहिजेत. साध्या फुल एचडी कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे ओळख पटवायची तर त्याने जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीचा भाग टिपायला हवा. अलका टॉकीज चौकासारख्या ठिकाणी तो २४ मीटरचा पट्टा बघत असेल, तर मीटरला ८० पिक्सेल उरतात आणि चेहऱ्यावर तेरा. तेरा पिक्सेलच्या चेहऱ्यालाही सॉफ्टवेअर गुण देतं. नकार देणं त्याला शिकवलेलं नसेल तर ते देणारच.

मोजायचं असं:

१. मिळालेलं स्थिर चित्र फोटो कापण्याच्या कोणत्याही अॅपमध्ये उघडा. चेहऱ्याच्या दोन्ही कडांपर्यंत चौकट ओढली की रुंदी पिक्सेलमध्ये दिसते. मोबाइलवर फॉरवर्ड झालेली प्रत वापरू नका, ती दाबून लहान झालेली असते.

२. मोजपट्टी म्हणून गाडीची पाटी घ्या. चारचाकीची लांबट उच्च सुरक्षा पाटी ५०० मिलिमीटर रुंद असते. माणसाच्या जवळपास, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर आणि सरळ समोर असलेली पाटी निवडा. तिची रुंदी ५० पिक्सेल भरली, तर मीटरला १०० पिक्सेल.

३. वेग तपासा. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं असेल तर चालणारा माणूस तेवढ्यात तीन सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, पण ताशी ४० किलोमीटरने जाणारा दुचाकीस्वार २२ सेंटिमीटर, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीपेक्षा जास्त. रात्री शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे तेव्हाचा चालत्या दुचाकीवरचा चेहरा बहुतेकदा पुसट डाग असतो.

४. पडद्यावरची वेळ खरी वेळ मानू नका. खासगी डीव्हीआरचं, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ दहा-वीस मिनिटं चुकीचं असणं सर्रास आढळतं. चित्रीकरण ताब्यात घेताना यंत्रातली वेळ आणि मोबाइलवरची वेळ, दोन्ही पंचनाम्यात लिहून घ्या.

पहिल्या ४८ तासांत: जतन करण्याचं पत्र

अपघात असो, चुकीची अटक असो, मोर्च्यातली ढकलाढकल असो किंवा आपण त्या वेळी तिथे नव्हतो हे दाखवायचं असो, पत्र आधी जाऊ द्या. कॅमेरा कोणाचा हे नक्की नसेल तर एकाच मजकुराची पत्रं सगळीकडे पाठवा.

मजकूर एवढा पुरतो:

"दिनांक ____ रोजी सायंकाळी ६.१० ते ६.४० या वेळेतील ____ चौकातील, ____ दिशेकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण माझ्याशी संबंधित प्रकरणात पुरावा म्हणून आवश्यक आहे. ते नियमित प्रक्रियेत पुसले जाण्यापूर्वी मूळ स्वरूपात, वेळेच्या नोंदीसह व हॅश मूल्यासह वेगळे जतन करावे आणि तसे केल्याचे लेखी कळवावे. चित्रीकरण उपलब्ध नसल्यास कारण व पुसल्याचा दिनांक कळवावा."

हॅश मूल्य म्हणजे फाइलवरून काढलेली आकडे-अक्षरांची खूण, फाइल जरा जरी बदलली तरी ती बदलते. खांबावर क्रमांक असेल तर तोही लिहा आणि खांबाचा फोटो जोडा. वेळ अर्ध्या तासाच्या आत ठेवा. "त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण" अशी मागणी बाजूला पडते. शेवटचं वाक्य गाळू नका. पुढे न्यायालयात, पत्र मिळाल्यानंतर चित्रीकरण पुसलं गेलं की आधी, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पत्र हाताने द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही पाठवा. गुन्हा दाखल असेल तर वकिलामार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयाकडून चित्रीकरण मागवून घेता येतं, आणि त्या आदेशापुढे "चित्रीकरण देण्याचं धोरण नाही" ही सबब चालत नाही.

पोलीस ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांना वेगळा आणि जास्त बळकट नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या निकालात प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रीकरण अठरा महिने, आणि तशी यंत्रं मिळत नसतील तिथेही किमान एक वर्ष ठेवायचं आहे. ठाण्यात गेलात की आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून ठेवा. पुढे त्याच वेळेचं चित्रीकरण मागायचं असतं.

कागद कोणाच्या दारात द्यायचा

पुणे शहर पोलीस आयुक्त कार्यालय साधू वासवानी रस्त्यावर, कॅम्पात. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे वाकड, हिंजवडी, भोसरीचा अर्ज तिकडे. त्यापलीकडचा जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. महापालिका, स्मार्ट सिटी कंपनी, महामेट्रो, पीएमपी आणि द्रुतगती मार्गासाठी राज्य रस्ते विकास महामंडळ ही सगळी स्वतंत्र कार्यालयं आहेत. चुकीच्या दारात गेलात तरी माहिती अधिकाराच्या कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो, पण ते पाच दिवस तुमचेच जातात.

माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. राज्याचं ऑनलाइन पोर्टलही आहे. दोन अटींवर अर्ज अडकतात: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. प्रस्तावना, संताप, राज्यघटनेची मूलतत्त्वं यांत शब्द खर्च करू नका.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. "तुम्ही चेहरे का ओळखता?" याला उत्तर देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. "चेहरे ओळखण्याबाबतच्या आदेशाची प्रत" देण्याचं आहे. चालू शकेल असा मजकूर:

"विषय: चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीचा वापर. कालावधी: १ जानेवारी २०२४ ते अर्जाचा दिनांक.
१) प्रणालीच्या वापराबाबतचे आदेश, परिपत्रके व कार्यपद्धती यांच्या प्रती.
२) खरेदीचा करार, कार्यादेश व निविदेतील तांत्रिक तपशील यांच्या प्रती.
३) जुळणी ग्राह्य धरण्याचा किमान गुण नमूद असलेल्या कागदाची प्रत.
४) शोधयादीत छायाचित्र घेण्याचे व काढण्याचे निकष नमूद असलेल्या कागदाची प्रत.
५) चित्रीकरण व जुळणीच्या नोंदी किती दिवस ठेवाव्यात याबाबतच्या आदेशाची प्रत.
६) अचूकतेच्या चाचणीचा किंवा लेखापरीक्षणाचा अहवाल.
७) जुळणीच्या एकूण सूचना व त्यांपैकी चुकीच्या ठरलेल्या सूचना यांची महिनावार संख्या, नावे वगळून.
एखादा भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा."

चौथा मुद्दा कोणत्याही परिस्थितीत काढू नका. ब्रिटनमध्ये साउथ वेल्स पोलिसांचा चेहरे ओळखण्याचा वापर अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये बेकायदा ठरवला. त्याच्या मुख्य कारणांपैकी एक हेच होतं: यादीत कोणाला घालायचं आणि यंत्रणा कुठे लावायची, हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेलं होतं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क मानताना कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणात हस्तक्षेप या कसोट्या घातल्या. निकष लिहिलेलेच नसतील तर प्रमाण मोजायचं कशावर? म्हणून "असा कागद अभिलेखात नाही" हे उत्तर आलं तर निराश होऊ नका. ते उत्तर लेखी, सहीनिशी जपून ठेवा. हाती येऊ शकणाऱ्या सर्वांत मोलाच्या कागदांपैकी तो एक आहे.

नकार साधारण चार वाटांनी येतो (कंसातली अक्षरं इंग्रजी कायद्यातल्या a, d, h, j साठी). कलम ८(१)(अ) म्हणजे सुरक्षितता: कॅमेऱ्यांच्या नेमक्या जागांसाठी ते काही अंशी पटतं, साठवणुकीच्या मुदतीसाठी पटत नाही. ८(१)(ड) म्हणजे व्यापारी गुपित: सरकारी पैशाने झालेल्या करारातली किंमत आणि अटी सरसकट गुपित म्हणता येत नाहीत, फार तर सॉफ्टवेअरचा आतला भाग. ८(१)(ह) म्हणजे तपासात अडथळा: अडथळा नेमका कसा येईल हे अधिकाऱ्याने सांगायला हवं, नुसतं कलम लिहून भागत नाही. आणि ८(१)(ज), वैयक्तिक माहिती. हे कलम नोव्हेंबर २०२५ पासून डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने बदललं आणि त्यातला सार्वजनिक हिताचा आतला अपवाद गेला. आता सार्वजनिक हितासाठी कलम ८(२) वर बोट ठेवावं लागतं. वरच्या अर्जात "नावे वगळून" हे शब्द यासाठीच आहेत. काही गुप्तवार्ता शाखा कलम २४(४) खाली कायद्यातून वगळलेल्या असतात, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाची माहिती तिथेही मागता येते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलातच जीव ओता: सुनावणीला स्वतः जा, प्रत्येक मुद्द्यासमोर "दिली / नाही दिली / कोणतं कलम" असा एक पानी तक्ता नेऊन द्या.

पोलिसांकडे "माझ्याबद्दल काय माहिती आहे ते दाखवा" असं डिजिटल माहिती संरक्षण कायद्याखाली मागता येईल, असा समज पसरला आहे. मागता येत नाही. कलम १७(१)(क) (इंग्रजीत c) ने गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांना त्या हक्कांतून वगळलं आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते.

गाडी घरी होती आणि ई-चलन आलं

पाटी वाचणारं सॉफ्टवेअर ८ आणि बी, ० आणि डी, १ आणि आय यांत गोंधळतं. चिखल, वाकलेली पाटी, नक्षीदार अक्षरं यांनी गोंधळ वाढतो. दुसरी शक्यता जास्त गंभीर: तुमच्या क्रमांकाची बनावट पाटी दुसऱ्या गाडीवर असणं.

चलनातला फोटो मोठा करून गाडीचं मॉडेल, रंग, आरसे, काचेवरचे स्टिकर आणि खरचटल्याच्या खुणा तुमच्या गाडीशी ताडून बघा. पाटी वेगळी वाचली असेल तर महाट्रॅफिक अॅपवर किंवा चलनाच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीचे पुढून-मागून फोटो जोडून तक्रार करा. पाटी तीच आणि गाडी वेगळी असेल, तर फक्त चलनाची तक्रार करून थांबू नका. त्या बनावट पाटीने उद्या गुन्हा घडला तर पहिला फोन तुम्हाला येईल. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडा: फास्टॅगचा तपशील, सोसायटीच्या गेटची नोंद, पार्किंगची पावती.

केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ, ऑगस्ट २०२१ पासूनचा, तुमच्या बाजूने आहे. स्वयंचलित यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं, रस्त्यावर आधी सूचना फलक हवा, सूचना घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायला हवी, आणि चलन निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपायला हवी. ज्या दिवशीचं चलन, त्या दिवशी वैध असलेल्या प्रमाणपत्राची प्रत मागा.

"कॅमेऱ्यात तुम्ही दिसलात" असा फोन आला तर

फोनवर काही कबूल करू नका, नाकारूही नका. लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलावणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली असतं, आणि स्त्रिया, पंधरा वर्षांखालचे व साठ वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या ठिकाणाबाहेर बोलावता येत नाही. संशयित म्हणून हजर राहण्याची नोटीस त्याच संहितेच्या कलम ३५(३) खाली. ती व्हॉट्सअॅपवर पाठवणं म्हणजे बजावणी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नोटीस रीतसर आली असेल तर जायलाच हवं. न जाणं हे अटकेचं कारण बनू शकतं.

जाताना वकील किंवा घरचं कोणीतरी बरोबर घ्या. खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मदतीचा क्रमांक १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जुळणी चेहऱ्यावरून झाली असेल तर वकिलामार्फत पाच गोष्टी लेखी मागा: मूळ चित्र कोणतं होतं, कोणत्या साठ्याशी ताडलं, गुण किती आणि किमान रेघ किती, यादीत तुमचा क्रमांक कितवा होता, आणि कोणत्या माणसाने ती जुळणी तपासली. सॉफ्टवेअरने दिलेल्या यादीत आठव्या क्रमांकावर असलेला माणूस आरोपी झाला असेल, तर पहिल्या सात जणांचं काय केलं, हा प्रश्न न्यायाधीशांना लगेच कळतो.

ओळखपरेडवर विशेष लक्ष द्या. साक्षीदाराला आधीच तुमचा फोटो दाखवला असेल, तर परेडमध्ये तो माणूस ओळखतो की तो फोटो, हे सांगता येत नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स यांना जानेवारी २०२० मध्ये याच साखळीतून अटक केली: सॉफ्टवेअरने चेहरा चुकीचा जुळवला, तो फोटो इतरांसोबत ठेवून दाखवला गेला, आणि त्या "ओळखी"वर वॉरंट निघालं. जून २०२४ च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी फक्त चेहऱ्याच्या जुळणीवरून अटक न करण्याचं मान्य केलं. तुमच्या प्रकरणात फोटो कोणाला, कधी, कशावर दाखवला हे पहिल्या दिवसापासून टिपून ठेवा.

अटक झालीच, तर कारणं लेखी आणि समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने ही अट प्रत्येक गुन्ह्याला लागू आहे. ठसे, बुबुळ, फोटो घेण्याचा अधिकार पोलिसांना २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने दिला आहे, आणि त्या नोंदी ७५ वर्षं राहतात. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि तुम्ही खटल्याविना सुटलात, दोषमुक्त किंवा निर्दोष ठरलात, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर त्या पुसायच्या असतात. त्यासाठी निकालाच्या प्रमाणित प्रतीसह लेखी मागणी करा. निकाल लागला, पेढे वाटले आणि ही मागणी राहून गेली, असं व्हायला नको.

नाकाबंदीत उभं करून मोबाइलवर चेहऱ्याचा फोटो घेतला जातो तेव्हा तुम्ही अटकेत नसता, त्यामुळे त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये बसत नाही. हैदराबादेत टाळेबंदीत घेतलेल्या अशाच एका फोटोवरून तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका गेली आहे. रस्त्यावर हुज्जत घालू नका, हात आडवा लावू नका. "साहेब, कोणत्या कलमाखाली घेताय?" एवढं शांतपणे विचारा, छातीवरचं नाव, जागा आणि वेळ लिहा, आणि त्याच आठवड्यात पोलीस उपायुक्तांना पत्र द्या: फोटो कुठे साठवला, कशाशी ताडला, कधी पुसणार.

सोसायटीच्या सचिवांसाठी

पोलिसांच्या हातात पोहोचणारं बरंचसं चित्रीकरण सोसायट्यांचं आणि दुकानांचं असतं. डीव्हीआर किती दिवस जपतो ते आधी मोजा. फुल एचडीचा एक कॅमेरा २ मेगाबिट वेगाने दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबी. २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, ४ टीबीची तेवीस. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांनंतर कोणी पहिल्या दिवसाचं मागितलं, तर छोट्या डिस्कवर ते मिळण्याची वेळ जवळपास टळलेली असते.

चित्रीकरण मागायला अंमलदार आले तर सहकार्य करा, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची लेखी नोटीस घ्या, आणि तिच्यात तारीख, वेळ, कॅमेरा लिहिलेला असू द्या. तेवढाच भाग द्या. अख्खा डीव्हीआर उचलून दिला तर तीनशे रहिवाशांचं येणं-जाणं विनाकारण बाहेर जातं आणि सोसायटीकडे काहीच उरत नाही. दिलेल्या फाइलचं हॅश मूल्य काढा (विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' आज्ञेने 'शा-२५६' प्रकारचं निघतं), ते पंचनाम्यात लिहायला लावा आणि एक प्रत सोसायटीच्या कपाटात सीलबंद ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य भरावं लागतं. प्रमाणपत्राचा पहिला भाग यंत्र सांभाळणाऱ्याने सही करायचा, दुसरा तज्ज्ञाने. स्वतः न काढलेल्या फाइलवर सचिवांनी सही करू नये.

कायमचा थेट फीड जोडून मागितला गेला, तर तो निर्णय सचिवांनी एकट्याने घेऊ नये. सर्वसाधारण सभेत विषय ठेवा, आणि फक्त गेटबाहेर रस्त्याकडे बघणारे कॅमेरे द्यायचे, जिना आणि लिफ्टचे नाही, असा लेखी ठराव करा. डीव्हीआर बसवून गेलेल्या माणसाने ठेवलेला पासवर्ड आजच बदला, राउटरवरचं 'यूपीएनपी' (यंत्रांना इंटरनेटकडे आपोआप दार उघडून देणारी सोय) बंद करा, ५५४ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे कॅमेऱ्याचं थेट चित्र जातं ती वाट, बाहेरच्या जगाला उघडं नाही ना ते बघा, आणि ज्या ज्या मोबाइलवर सोसायटीचं कॅमेरा अॅप चालू आहे त्यांची यादी काढा. सोडून गेलेले जुने सुरक्षारक्षक आणि माजी पदाधिकारी त्या यादीत हमखास सापडतात. त्यांचे प्रवेश काढून टाका आणि तारखेसह इतिवृत्तात नोंद करा.